थोरलीचं माप धाकट्याला लावू नका

आज सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. मोठं होणार आहे, वेळ असेल तर वाचा.

माझ्या धाकट्या जावेनं सकाळी फॅमिली ग्रुपवर तिच्या दुसऱ्या बाळाचा व्हिडिओ टाकला. परवाच नऊ महिने पूर्ण झालेत त्याला. चटईवर बसलंय, समोर स्टीलची वाटी, वाटीवर चमचा आपटतंय आणि प्रत्येक आवाजाला स्वतःच दचकून खदखदून हसतंय. बास, एवढाच व्हिडिओ. आणि खाली पहिली कमेंट काय, तर "अजून रांगत नाही का गं? मोठा तर आठव्यातच घरभर फिरत होता." तिच्याखाली दुसरी, "वरचं दूध चालू केलंस का?" मग तिसरी, "आई मोबाइलमध्ये असेल तर पोर काय करणार." थोड्या वेळानं बघते तर व्हिडिओ डिलीट. मग मला फोन. "ताई, माझं काही चुकतंय का हो?" आणि पुढं नुसतं रडणं.

एवढं हसरं, आवाज करून बघणारं, बिनआधाराचं ताठ बसलेलं पोर आणि त्याच्या आईला सकाळी सकाळी रडवलं तुम्ही. कशासाठी?

मला हे सगळं चांगलं ओळखीचं आहे. माझ्या धाकट्याच्या पहिल्या वाढदिवसाला आमच्या आत्येसासूबाईंनी त्याला भर हॉलमध्ये, सगळ्या पाहुण्यांसमोर काखेत धरून उभं केलं होतं. "उभा राहा बघू, ताई तर या वयात पळत होती." आणि हात सोडले. माझी थोरली दहाव्या महिन्यात चालली होती, ते सगळ्या खानदानाला पाठ. धाकटा रांगलाच नाही कधी. तो फतकल मारून सरकायचा, एक पाय दुमडलेला, दुसऱ्या पायानं रेटा द्यायचा, एक हात फरशीवर वल्ह्यासारखा. त्याच्या सगळ्या चड्ड्या एकाच बाजूनं विरलेल्या असायच्या. अशी सरकणारी मुलं असतात, बरीच असतात, आणि ती बहुतेक चालतात उशिरा, कारण बसल्या जागेवरून हवं तिथं पोचता येत असेल तर उठून उभं राहायची त्यांना घाई नसते.

पण हे ऐकून कोण घेणार, सगळ्यांना थोरली दिसत होती ना.

एकाच आईची दोन लेकरं म्हणजे सगळं सारखंच असणार, हे कुणी ठरवलं? अहो, दोघांचे दिवससुद्धा सारखे नव्हते. थोरली रांगायच्या वयाला आली ती ऐन मे महिन्यात, माझ्या माहेरी सांगलीला, खाली गार शहाबादी फरशी, अंगावर एक पातळ झबलं, दिवसभर पालथी. धाकटा त्याच वयाला आला तो डिसेंबरात, पुण्याच्या फ्लॅटमध्ये, गुळगुळीत टाइल्स, पायात मोजे, अंगात स्वेटर, डोक्याला टोपडं, गुडघा टेकला की सटकायचा. आणि थोरलीचा खुळखुळा लांब गेला तर तिला स्वतः जाऊन आणावा लागायचा, ह्याचा गेला की ताई पळत आणून हातात द्यायची. मग तो कशाला जाईल? पहिल्याच्या वेळी आई मोकळी असते, दुसऱ्याच्या वेळी तिला पहिल्याचा डबा असतो, शाळेची रिक्षा असते, पहिल्याचा ताप असतो. आणि हे सगळं सारखं असतं तरी दोन पोरं दोनच असती. कुणाचं अंग आधी सुटतं, कुणाची बोटं, कुणाची जीभ.

त्या वाढदिवसाला माझा धाकटा काय करत होता, कुणी बघितलं? पाटावर सांडलेले चुरमुरे एकेक करून अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरून तोंडात टाकत होता. एकही सांडत नव्हता. थोरली त्या वयात मूठ भरून फेकायची फक्त. पण चुरमुरा उचलण्याचं कौतुक व्हिडिओत दिसत नाही, पळणं दिसतं.

तर, हात सोडले आत्याबाईंनी. पोर तोंडावर आपटलं. ओठ फुटला, झबल्यावर रक्त, केक कापायच्या आधी तो आणि मी बाथरूममध्ये. बाहेरून आवाज येतोय, "काही नाही होत, पडल्याशिवाय चालत नाहीत पोरं." पुढच्या आठवड्यात ह्याच माणसांकडून घरी वॉकर आला, गाणं वाजणारा. मी तो तसाच खोक्यात परत पाठवला तर त्याचाही राग आला लोकांना. वॉकरनं पोर लवकर चालत नाही हो, उलट उंबऱ्यावर, जिन्यावर उलटून डोकी फुटतात. कॅनडानं तर २००४ सालापासून बेबी वॉकर विकायलाच बंदी घातलीय.

आता आकडेच हवेत ना, घ्या. डब्ल्यूएचओनं पाच देशांतली निरोगी मुलं बघून हे तपासलंय, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपली दिल्ली. २००६ साली छापलंय. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने. हातापायांवर रांगणं ५.२ पासून १३.५ महिन्यांपर्यंत. एकट्यानं चालणं ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे एक बाळ आठ महिने उलटल्यावर चाललं आणि दुसरं सतरा महिने उलटल्यावर, तरी दोन्ही ठीकच. आणि त्यातली ४.३ टक्के मुलं हातापायांवर रांगलीच नाहीत. माझा धाकटा सतराव्या महिन्यात चालला. आता तो कसा पळतो, कसा खेळतो ते मी इथं मुद्दाम लिहिणार नाहीये, कारण तो पळत नसता तरी माझं म्हणणं हेच असतं.

आणि जावेचं बाळ तर सहा आठवडे आधी आलेलं आहे! ह्याच ग्रुपवर त्याच्यासाठी देवाला नवस बोलले होते सगळे, पेटीत ठेवलं होतं तेव्हा. विसरलात? असं बाळ मोजताना ते आधी आलेले आठवडे वजा करायचे असतात, दोन वर्षांचं होईपर्यंत तसंच मोजतात डॉक्टर. म्हणजे ते नऊचं नाहीये, साडेसातचं आहे. साडेसात महिन्यांचं पोर बिनआधाराचं बसून वाटी वाजवतंय, आणि तुम्ही विचारताय रांगत का नाही. पेढे वाटायला पाहिजेत खरं तर.

हां, काही मुलांना खरंच अडचण असते आणि ती घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्याच आधी लक्षात येते, हे मला मान्य आहे.

पण भावंडाचं माप लावलं की तीच अडचण लपतेही. आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये एक मुलगी होती, हाक मारली तरी वळायची नाही. घरात सगळे म्हणायचे, "हिचा दादाही उशिराच बोलला, बोलेल हीपण." दादा उशिरा बोलला होता हे खरंच होतं. पण दादाला ऐकू येत होतं. हिला येत नव्हतं. कळलं तेव्हा ती अडीच वर्षांची होती. तिच्या आईचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही अजून. एका ठिकाणी मोठ्या मुलाचं नाव घेऊन आईला घाबरवायचं, दुसरीकडं त्याच मोठ्याचं नाव घेऊन तिला गप्प बसवायचं, दोन्हीत ते लहान बाळ कुणी बघतच नाही.

बघायचंच असेल तर हे बघा. तीन महिने उलटले तरी माणूस बघून हसत नाही, पाच महिन्यांचं झालं तरी मान धरत नाही, नऊ महिने पूर्ण होऊनही बसायला टेकू लागतो, आवाजाकडं वळत नाही, वर्षाच्या आत एकच हात वापरतं आणि दुसरा नुसता मुठीत, दीड वर्षाचं झालं तरी चालत नाही, किंवा येत होतं तेच करायचं सोडून दिलं. यातलं एक जरी दिसलं तर ग्रुपवर लिहू नका, डॉक्टरकडं जा. पैशाची अडचण असेल तर अंगणवाडीत सांगा, सरकारची आरबीएसके, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ही योजना आहे २०१३ पासून, जिल्हा रुग्णालयात अशा मुलांसाठी तपासणी केंद्रं आहेत, फुकट बघतात. आणि माता-बाल संरक्षण कार्ड लस टोचून झाली की कपाटात टाकता ना, त्यात कुठल्या वयात काय यायला हवं त्याची चित्रं आहेत. ती बघा की जरा.

एवढं लिहिल्यावर थोडं शांत वाटतंय. त्या वाढदिवसाचंच अजून एक सांगते. मी ओठ पुसून पोराला बाहेर आणलं तर आमच्या आजेसासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या, नव्वदीच्या घरात होत्या तेव्हा. त्यांनी पोराला खाली ठेवायला सांगितलं. ते लगेच फतकल मारून सरकत त्यांच्या पायापाशी गेलं. त्या एकदम हसल्या आणि आत्याबाईंना म्हणाल्या, "अगं, तुझा भाऊ कसा सरकायचा आठवतंय का? सोप्यावरनं असाच, एका बाजूनं. तूच हसायचीस त्याला. दीड वर्षाचा होऊन चालला तो." तो भाऊ म्हणजे माझे सासरे, तिथंच बसले होते, त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं की हे असं सरकणं पुष्कळदा घराण्यातच असतं. म्हातारीनं पोराला आधी नीट बघितलं, मग आठवण काढली. आत्याबाई त्यानंतर काही बोलल्या नाहीत. मी आजेसासूबाईंच्या पायाशी बसून राहिले, पोर मांडीवर घेऊन, आणि मला तेव्हा कुठं रडू आलं.

माझ्या थोरलीला मात्र आजही पाहुणे सांगतात, "तू लहानपणापासूनच हुशार, दहाव्या महिन्यात चाललीस." भावासमोर. तिला स्वतःला कसंतरी होतं, ती त्याचा हात धरून आत घेऊन जाते. दहाव्या महिन्यात चालण्याचा आणि हुशारीचा काय संबंध हो? कुणाच्या तरी करमणुकीसाठी एकाला हुशारचा शिक्का आणि एकाला मठ्ठचा, तेही दात यायच्या आधी.

आणि आता बाबालोकांना. तुम्ही पण त्या ग्रुपवर आहात. माझ्या दिरानंही सकाळी ते सगळं वाचलं, निळ्या टिका दिसतात, आणि एक अक्षर लिहिलं नाही. बाळ रांगलं नाही तर आईला विचारतात, दुधावरून आईला बोलतात, मोबाइलवरून आईला बोलतात, बापाला कुणी विचारत नाही म्हणून बाप गप्प. भाऊजी, तुम्ही फेसबुकवर आहात, वाचाल हे. तो व्हिडिओ तुमच्या फोनमध्येही असेल. तुमच्या नावानं पुन्हा टाका ग्रुपवर, आणि खाली कुणी काही विचारलं तर उत्तर तुम्ही द्या.