लिंबाची फोड आणि समोरचे काका

मिसळीच्या ताटात लिंबाची फोड येते आणि ती ज्याच्या ताटात येते त्याचीच असते, एवढं साऱ्या नाशिकला कळतं. एका माणसाला कळत नाही. तो रविवारी सकाळी गंगापूर रोडला नेमका माझ्यासमोर येऊन बसला.

गर्दी होती, टेबल चौघांचं, मी एकटा. "बसू का?" वगैरे न विचारता काका बसले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. दोघांच्या मिसळी एकदमच आल्या. काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, दही, जिलेबीचं वेटोळं, कांदा आणि कांद्यावर ती फोड. फोड म्हणायचं आपलं! एका लिंबाच्या आठ करणारा कारागीर आत कुठेतरी बसलेला असणार. दोन बिया होत्या आणि बियांमधून जागा उरली होती तिथे रस.

काकांनी स्वतःची फोड पिळली, बोटं चाटली आणि माझी उचलली.

"ह्याला इंग्रजीत काय म्हणाल?"

"लेमन."

"चूक!" काकांचा चेहरा उजळला. "लेमन म्हणजे ते मोठं, पिवळं, जाड सालीचं. महाळुंग आणि आंबट संत्र्याच्या संकराची अवलाद. हे आपलं कागदी लिंबू. लाइम! साल बघा, कागद आहे कागद."

साल दाखवायला त्यांनी फोड दाबली. एक थेंब टेबलावर.

"आता शब्द बघा. फारशीत लीमू. अरबांनी त्याचं लैमून केलं." दुसरा थेंब. "अरबांकडून फिरत फिरत फ्रेंचांकडे, लिमोन." तिसरा, माझ्या पापडावर. "तिथून इंग्रजांनी उचललं." लिंबू इंग्लंडात पोहोचलं तेव्हा आत बियाच राहिल्या होत्या. उरलासुरला रस काकांनी बोलता बोलता, अगदी सवयीने, स्वतःच्या रश्श्यात पिळला. चोथा माझ्या ताटाच्या कडेला ठेवला. परत केला म्हणे.

मी वेटरला हाक मारली. "भाऊ, लिंबू."

"आणतो साहेब."

"आता खलाशांचं ऐका," काका म्हणाले. "१७४७ साल. जहाजावर स्कर्व्ही. हिरड्यांतून रक्त, दात हलतायत. जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरने बारा आजारी खलाशी निवडले, दोन-दोनच्या जोड्या केल्या. कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. आठवड्याच्या आत एक जण कामाला उभा!"

रोज एक लिंबू. अख्खं. भर समुद्रात, तेही दात हलत असलेल्या माणसाला. मी गोदाकाठच्या शहरात जमिनीवर बसून रोख पैसे देणारा माणूस, आणि माझ्या हाती चोथा.

वेटर पाव घेऊन शेजारच्या टेबलाकडे गेला. मी हात वर केला. त्याने मान हलवली. ती मान कोणत्याही अर्थाने हलू शकत होती.

"पण सरकारी कारभार बघा," काका म्हणाले. "ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सरसकट द्यायचा हुकूम काढला १७९५ साली. अठ्ठेचाळीस वर्षांनी! लिंड आदल्याच वर्षी वारला."

मला लिंडबद्दल एकदम आपुलकी वाटली.

शेवटी वेटर आला. "लिंबू जादा नाही मिळत साहेब. शेठनी सांगितलंय. रस्सा आणू?"

रस्सा हवा तेवढा. रस्सा काय, बादलीने आणतात. २०२२च्या एप्रिलमध्ये लिंबू दहा रुपयाला एक झालं होतं तेव्हा ही काटकसर सुरू झाली. पुढे भाव उतरले, फोड वाढली नाही. आपल्याकडे हे असंच असतं. आणि लिंबू नाही असंही नाही. ह्याच शेठच्या दाराला दर शनिवारी एक अख्खं टवटवीत लिंबू सात मिरच्यांसोबत टांगलेलं असतं. शोरूममधून नवी गाडी निघाली की चार चाकांखाली चार लिंबं चिरडतात. भांडी बाजारातून आणलेल्या तांब्याच्या लोट्याला अर्धं लिंबू आणि मीठ लागतं, त्याला कुणी नाही म्हणत नाही. बड्या हॉटेलात तर हात धुवायच्या कोमट पाण्यात गोल चकती पोहत असते! भांड्याच्या साबणाच्या वडीवरही रसाळ लिंबाचं चित्र. लिंबूटिंबू कोण, तर पैसे देऊन खाणारा.

मी तसाच, बिनलिंबाचा, जेवलो. कांदा जिभेला उगीच तिखट लागत राहिला. ताट संपत आलं तेव्हा वेटरला काय दया आली कोण जाणे. इकडे तिकडे बघत त्याने माझ्या ताटाशी एक फोड ठेवली. चांगली होती. ह्या वेळी बी एकच.

मी हात पुढे करायच्या आत काकांनी ती घेतली आणि बोटांवरची तर्री खसखसून घासायला लागले.

"सायट्रिक ॲसिड," ते म्हणाले. "लिंबाच्या रसातून ते पहिल्यांदा वेगळं काढलं १७८४ साली, शेलेने."

मी उठून गल्ल्यापाशी रांगेत जाऊन उभा राहिलो. पुढे सहा-सात माणसं होती.

"स्वीडनमध्ये!" मागून काका ओरडले.