हळद लागलेले इंजिन

नव्याने बांधलेले इंजिन सुरू होईल की नाही, ही चिंता नवख्यांनी करावी. ते बहुधा सुरू होतेच. खरा निकाल ते बंद केल्यावर लागतो आणि तो गाडीखाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर छापून येतो. माझी ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. हिचे पहिले मॉडेल १९६२ साली इंग्लंडात निघाले. तिचे ११४७ सीसीचे इंजिन एके काळी मद्रासला बनणाऱ्या स्टँडर्ड हेराल्ड गाडीच्या घराण्यातले आहे, त्यामुळे सांगलीतल्या जुन्या मिस्त्रींना ते अगदीच परके वाटत नाही. बोअर, पिस्टन, बेअरिंगे, सगळे नवे घालून इंजिन जागेवर बसले, घड्याळाच्या टिकटिकीइतके नियमित चालले आणि रात्रभरात वर्तमानपत्राचे अग्रलेखाचे पान वाचण्याच्या लायकीचे उरले नाही.

गाडीतून तेल गळते आहे, ही बातमी आमच्या सांगलीतल्या विश्रामबागेत पसरायला वेळ लागत नाही. ज्यांनी आयुष्यात स्कूटरचा प्लगसुद्धा स्वतः साफ केलेला नाही, असे शेजारीही मान तिरकी करून गाडीखाली पाहतात आणि गंभीर चेहऱ्याने एकच निदान सांगतात: ‘मागचे सील गेले.’ या निदानाची लोकप्रियता त्याच्या खर्चात आहे, अशी माझी खात्री पटली आहे. सील म्हणजे तेल अडवणारी कडी; तिच्यासाठी क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या, मागच्या टोकापर्यंत पोहोचायचे तर आधी गिअरबॉक्स काढावा लागतो, आणि स्पिटफायरचा गिअरबॉक्स खालून नव्हे, तर गाडीच्या आतून निघतो. म्हणजे आधी खुर्च्या काढायच्या, मग गालिचा, मग मधल्या बोगद्याचे आवरण, आणि शेवटी तो तेलकट ऐवज तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून दारातून बाहेर यायचे. दुसऱ्याच्या गाडीसाठी एवढे सुचवायला काहीच कष्ट पडत नाहीत.

आमच्या मिस्त्रींनी मात्र पाना उचलला नाही. ते म्हणाले, “तेल खाली पडतंय म्हणून खाली काय बघताय साहेब? वर बघा की.” तेल वरून खाली ओघळते आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे सरकते, म्हणून थेंब जिथे पडतो तिथे गळतीचा उगम क्वचितच असतो, ओल जिथे सर्वांत उंच आणि सर्वांत पुढे दिसेल, तिथून तपासाला सुरुवात करायची. त्यासाठी इंजिन आधी स्वच्छ हवे. रॉकेल आणि ब्रशने ते धुतले, कॉम्प्रेसरच्या हवेने कोरडे केले, आणि आता त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवायची, म्हणजे ओल्या रेषेचा माग लागतो, असे मिस्त्रींनी सांगितले. पावडरचा डबा रिकामा निघाला. सांगलीत टाल्कम पावडर संपू शकते. हळद संपत नाही. मिस्त्रींच्या घरून वाटीभर आली, आणि मांडवात बसवलेल्या नवरदेवासारखे ते इंजिन नखशिखांत पिवळे झाले.

पण युक्ती फळली. इंजिन तापून संथ चालू असताना हेडच्या मागच्या कोपऱ्यात, टॅपेट कव्हर या माथ्यावरच्या झाकणाच्या कडेखाली, हळदीत एक गडद तपकिरी रेघ उमटली आणि ब्लॉकच्या पाठीवरून सरळ बेल हाउसिंगवर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या आवरणावर, उतरली. मागच्या सीलवर ज्याचा आळ आला होता ते तेल हेच. कव्हर पातळ पत्र्याचे, खाली कॉर्कचे पॅकिंग, आणि वरून आवळायला फक्त दोन नट. गळते म्हटले की माणसाचा हात आपोआप नटाकडे जातो. पण जास्त आवळले की पत्रा मध्ये दबतो, टोके उचलली जातात आणि गळती वाढते. तेव्हा हा नट आवळण्याची इच्छा दाबून धरणे हीच दुरुस्ती आहे. कव्हरची कड सपाट ठोकळ्यावर लाकडी हातोडीने सरळ केली, नवे कॉर्क बसवले, आणि पाठ कोरडी झाली.

पुढचा थेंब अधिक खानदानी निघाला. या इंजिनाच्या पुढच्या बेअरिंगखाली अॅल्युमिनियमचा एक ठोकळा असतो, चेंबरचे, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याचे, तोंड त्यावर टेकते, आणि त्या ठोकळ्याच्या दोन्ही टोकांच्या फटी बुजवायला कारखान्याने चक्क लाकडी पाचरी घातलेल्या आहेत. आमच्या पॅकिंगच्या संचात त्या आल्याच नव्हत्या. अखेर मिरजेत तंतुवाद्ये बनवणाऱ्या एका कारागिरांकडे गेलो. त्यांनी जुनी पाचर चिमटीत धरून बराच वेळ फिरवली आणि विचारले, “कुठल्या वाद्याची?” मी इंग्लिश वाद्याची म्हणालो. त्यांनी तंबोऱ्याच्या कामातून उरलेल्या तुकड्यातून दोन पाचरी तासल्या, नखाने कडा तपासल्या आणि बजावले, “सुरात ठेवा.” चेंबर उतरवून त्या सीलंट लावून ठोकल्या आणि वरचा भाग ब्लेडने कापून सपाट केला, तिथून पुन्हा थेंब आला नाही. ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली कोंडलेली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीत जुना चिकटा साचून आतला दाब कोंडला होता, तोही निस्तरला.

एवढ्यावर उरला तो एकच थेंब, आणि तो खरोखर मागचा होता. फक्त त्यात सील गेले नव्हते, कारण या जुन्या इंजिनाला तिथे रबरी सीलच नाही. क्रँकवर स्क्रूसारखे आटे कोरलेले असतात आणि ते फिरताना तेलाला आत परत ढकलतात; क्रँक थांबला की आटेही थांबतात, आणि बेअरिंगमधून निथळणारे थोडे तेल बाहेरची वाट धरते. पार्किंगमधल्या फरशीवरच्या डागाबद्दल सोसायटीच्या सेक्रेटरींनी लेखी खुलासा मागितला, तेव्हा मी ही सगळी रचना आकृतीसह त्यांच्यापुढे मांडली. त्यांनी चष्मा पुसून ती दोनदा पाहिली.

“म्हणजे चालू असताना गळत नाही?”

“नाही.”

“मग बंद कशाला करता?”