लोणचं नाशवंत, सिमेंट टिकाऊ

कैरीच्या लोणच्याच्या बरणीवर कुरिअरच्या खिडकीत 'नाशवंत' असा शिक्का बसला आणि भाडं दीडपट झालं. तिच्या मागोमाग आलेली व्हाइट सिमेंटची पिशवी 'टिकाऊ' ठरून साध्या दरात गेली. तेही ऐन जुलैत.

पिशवीचे मालक काका मागेच उभे होते. त्यांनी कुणी न विचारता शिकवणी सुरू केली.

"सोपं असतं हो. खातात ते नाशवंत, खात नाहीत ते टिकाऊ."

"मग मीठ?"

"मीठ कुठं कोण खातं? चवीपुरतं घालतात."

"मध?"

"ते औषध."

"आणि सिमेंट?"

"सिमेंट कोण खातं?" काका म्हणाले आणि अख्खी रांग बाहेरच्या रस्त्यातल्या खड्ड्यांकडे बघून हसली. काका मात्र गंभीर. "तुमच्या लोणच्याला पाणी सुटतं ना? सुटलं की कुजलं!"

इथं माझं डोकं फिरलं. अहो, ते पाणी मिठानंच ओढून काढलेलं असतं! किलोभर फोडींना दीडशे-दोनशे ग्रॅम मीठ घातलं, की पाणी दिसतं खरं, पण जंतूंच्या वाट्याला येत नाही. त्यात कैरीचा आंबटपणा, आणि फोडी बुडून वर बोटभर तेल, म्हणजे हवाही बंद. बिघडतं ते कुणी ओला चमचा घातला किंवा तेल कमी पडून फोडी वर डोकावल्या तर. मग बुरशी येते.

सिमेंटला एवढंही लागत नाही. हवेतला दमटपणा पुरतो. गोणीत पडून तीन महिन्यांत त्याची ताकद साधारण 20 टक्क्यांनी उतरते. त्याहून जुना माल तपासल्याशिवाय वापरू नये. गोदामात ते फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून फूटभर लांब ठेवायचं, थप्पी दहा गोण्यांच्या वर न्यायची नाही. दुधाचेही एवढे लाड होत नाहीत. गुठळी चिमटीत फुटली तर बरं, नाहीतर दगड.

आणि बाजरी? दाणा नीट वाळवून ठेवला तर वर्षभर राहतो, गिरणीतून पीठ होऊन आला की आठवडाभरात कडवट, कारण दळल्यावर त्यातल्या तेलाला हवा लागते. कुठल्या खणात टाकाल?

"काका, पिशवी कधीची?"

"गेल्या दिवाळीची. थोडी उघडलीय, पण रबर लावलंय."

रबरही चिकट होऊन तुटायला आलं होतं.

हसून झालं, पण भाडं गेलंच. शिवाय 'माल खराब झाल्यास आम्ही जबाबदार नाही' यावर सही. मग जास्तीचे पैसे कशाचे? बरणी त्याच टेम्पोत, त्याच पत्र्याच्या गोदामात. बर्फ नाही, घाई नाही. आंब्याच्या पेटीचे तर हालच. काढलेला आंबा श्वास घेतो, उष्णता सोडतो. म्हणून पेटीला फटी ठेवतात, आत गवत घालतात. खिडकीवरचा मुलगा त्या फटींवरून प्लॅस्टिक गुंडाळतो, वर चिकटपट्टी. सुरक्षित!

खोक्यावर छापायची खूण असते, छत्रीची: 'ओलाव्यापासून जपा'. सिमेंटच्या पिशवीसाठी तेवढा तरी स्टिकर लावा म्हटलं.

"संपले," मुलगा म्हणाला. "पावसाळ्यात फार खपतात."