दीड मीटरचा हिशोब : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया लांब होती आणि चांगली झणझणीतही, म्हणून खाली दोन ओळींत उरकण्याऐवजी इथे लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. कार्टिंगमधल्या (छोट्या, उघड्या रेसगाड्यांच्या) रोलिंग स्टार्टवर, म्हणजे दोन-दोनच्या रांगांनी हळू धावत येऊन दिवे विझताच सुटण्यावर, मागच्या वेळी मी लिहिलं होतं की मधल्या-मागच्या रांगेतल्या पोराने पुढच्याच्या बंपरला चिकटून येऊ नये, दीडेक मीटर मोकळं ठेवावं. त्यावर दादा म्हणतात: गॅप ठेवायला शिकवणं म्हणजे पोराला हरायला शिकवणं, खरा घोळ पोलवाला (सगळ्यात पुढून सुटणारा) घालतो, मागच्यांना कसला उपदेश, आणि रोलिंग स्टार्टच बंद करा, सगळ्यांना उभं करून सोडा, कटकट मिटेल. शिवाय ‘दिव्यांकडे बघा’ या माझ्या सल्ल्यातली चूक, बाहेरच्या लेनवाल्यांचं रडगाणं आणि ब्रेक-थ्रॉटलची एक युक्तीही त्यात आहे.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, तो लवकर संपतो. गिअरवाल्या केझेड वर्गाच्या कार्ट उभ्यानेच सुटतात, कारण त्यांना हाताचा क्लच आणि सहा गिअर आहेत. ओके नावाच्या वर्गाच्या एंजिनला क्लचच नाही. 2016 साली तो वर्ग आला तेव्हा आधीच्या केएफ वर्गाचे सेल्फ आणि क्लच काढून टाकले. ढकलल्याशिवाय ते सुरू होत नाही. ते ग्रिडवर उभं कसं करणार? आपल्याकडच्या रोटॅक्स एंजिनच्या कार्टला सेंट्रिफ्युगल (एंजिनचा वेग वाढला की आपोआप पकडणारा) क्लच आहे, ती उभी राहते, कबूल. पण एखादी जागेवरच राहिली की मागचा तिच्यावर चढतो, आणि कार्टला सीटबेल्ट नसतो. मला तरी ती चैन परवडणारी वाटत नाही.

पोलवाल्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. त्याने एकसारख्या वेगात आणायचं असतं. तो मधेच ब्रेकला हात लावल्यासारखा दचकला की चौथ्या रांगेत त्याचा धक्का होतो. अशी रांग आली तर स्टार्टरने (स्टार्ट देणाऱ्या अधिकाऱ्याने) दिवे न विझवता आणखी एक लॅप फिरवावी. ते त्याच्या हातात आहे, पण उशीर होतोय म्हणून बऱ्याचदा सोडून देतात. हे मी लेखात लिहायला हवं होतं, राहून गेलं.

आता गॅप. इथे मात्र मी मागे हटत नाही.

समजा रांग ताशी 45 किलोमीटरने येतेय. म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. दिवे विझले, पोलवाला सुटला. त्याला बघून दुसरी रांग, तिला बघून तिसरी. प्रत्येक जण 0.2 सेकंद जरी घेत असेल तरी चौथ्या रांगेतल्याला सुटायला 0.6 सेकंद उशीर होतो. बंपरला चिकटलेल्या पोराला दुसरा पर्यायच नसतो, पुढचा हलेल तेव्हाच तो हलणार. ज्याने दीड मीटर राखलंय तो पहिल्या रांगेबरोबर थ्रॉटल देऊ शकतो. पुढचा अजून 45 वर आहे आणि याचा वेग 50 ला पोचलाय. हा 5 किलोमीटरचा फरक सेकंदाला जवळजवळ 1.4 मीटर खातो. म्हणजे गॅप संपते तेव्हा हा बाजूला निघायच्या तयारीत असतो आणि पुढचा नुकता वेग धरत असतो. दादा, हे हरणं कसं? दिव्याआधी थ्रॉटल दिला तर ती चोरी, ते वेगळं.

एक चूक तुम्ही बरोबर पकडलीत. ‘दिव्यांकडे बघा’ हे मी सरसकट लिहिलं होतं. चौथ्या-पाचव्या रांगेत बसलेल्याचे डोळे जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, समोर हेल्मेटच हेल्मेट. तिथून दिवे दिसले तर नशीब. तिथे आवाज ऐकायचा, आणि पुढच्याचा बंपर नाही तर त्याच्या खांद्यावरून दोन गाड्या पलीकडे बघायचं.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझा पोरगा एका क्लब रेसमध्ये सातव्या जागेवरून चिकटून आला. पुढची गाडी आखडली, हा धडकला आणि पुढचं फेअरिंग (नाकावरचं प्लास्टिकचं कवच) आत सरकलं. ते क्लिपवर बसवलेलं असतं, ढकलाढकली केली की सरकतं आणि दंडाचे 5 सेकंद खिशातून जातात. रेस पाचवा संपवली, कागदावर कितवा ते विचारू नका. घरी व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बघितला. मोबाइल सेकंदाला 30 फ्रेम घेतो. पहिली रांग हलल्यापासून याची गाडी हलेपर्यंत मी 19 फ्रेम मोजल्या. पुढच्या रविवारी दोन मित्रांच्या पोरांना बरोबर घेऊन नुसते स्टार्टच केले. डांबरावर खडूची रेघ, हातात माझा जुना टॉवेल. टॉवेल खाली आला की सुटायचं. संध्याकाळपर्यंत 19 च्या 9 फ्रेम झाल्या.

बाहेरच्या लेनचं रडगाणं खरं आहे. आतली रांग आगगाडीसारखी वळणात शिरते, बाहेरच्याला डबा सापडत नाही. माझं मत, एकाला जाऊ द्यावं आणि त्याच्या मागे आत घुसावं. बाहेर लटकून राहिलेल्याच्या तीन जागा गेलेल्या मी पाहिल्यात.

राहिली तुमची युक्ती, डाव्या पायाने ब्रेक दाबून उजव्याने थ्रॉटल धरायची. शेवटच्या दोन सेकंदांपुरती चालते, एंजिन दबत नाही. आमच्या चिरंजीवांनी ती पूर्ण फॉर्मेशन लॅपभर (स्टार्टआधी रांगेने मारायच्या फेरीभर) केली. स्टार्ट झकास झाला. पहिल्या वळणावर तापलेल्या ब्रेकचं पेडल दाबलं तर ते स्पंजासारखं आत गेलं, आणि साहेब थेट गवतात.