रिकामे सभागृह आणि भरलेले सभागृह

मुंबई महापालिकेचे मुख्यालय सुट्टीच्या दिवशी निवांतपणे पाहावे, की आत सभा चालू असताना प्रेक्षक सज्जात बसून पाहावे, या प्रश्नावरून शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर या रविवारी सुरू झालेला वाद मैदानातले दिवे लागले तरी मिटला नव्हता. वाद मला महत्त्वाचा वाटला, म्हणून तो जसा आठवतो तसा लिहून ठेवत आहे.

आमच्यातला सर्वांत धाकटा मित्र बांधकाम अभियंता आहे. जानेवारी २०२१ पासून शनिवार-रविवारी या इमारतीत वारसा फेरी सुरू झाली. तशी एक फेरी करून तो आला होता आणि अत्यंत भारावलेला होता. समोरचे रेल्वे स्थानक ज्या फ्रेडरिक स्टीव्हन्सने उभारले, त्यानेच दोन रस्त्यांच्या बेचक्यातल्या तिकोनी जागेवर ही इमारत कशी बसवली, गॉथिक कमानींच्या डोक्यावर घुमट कसे आणले, हे सगळे त्याने आम्हाला हातवारे करून समजावले. त्याला सर्वांत आवडला तो हिशेब. मंजूर रक्कम ११,८८,९६९ रुपये होती आणि १८९३ मध्ये काम पूर्ण झाले तेव्हा खर्च ११,८८,०८२ रुपये झाला होता. मंजुरीपेक्षा ८८७ रुपये कमी! "आजच्या एका तरी कामाचा असा हिशेब दाखवा," असे तो म्हणाला, आणि त्यावर कोणालाच काही बोलता आले नाही.

मास्तरांनी मात्र वेगळाच धागा धरला. महापालिकेच्या शाळेत त्यांची सारी हयात गेली आणि नागरिकशास्त्राचा धडा आला की ते मुलांना सभागृह दाखवायला नेत असत. "अरे बाबा, तू इमारत पाहिलीस, सभागृह पाहिले नाहीस," ते म्हणाले. "तुझी फेरी शनिवार-रविवारची, आणि सभा भरते आठवड्यातल्या कामाच्या दिवशी. तू पाहिल्या त्या रिकाम्या खुर्च्या. माझी मुले हरकतीचा मुद्दा ऐकून यायची, सभातहकुबी म्हणजे काय ते डोळ्यांनी पाहून यायची, आणि परतताना मला विचारायची की आपल्या गल्लीच्या नगरसेविका आज का बोलल्या नाहीत."

मी स्वतः महाविद्यालयात असताना त्या सज्जात बसलो आहे. आवाज खूप होता, निम्मे बोलणे कळत नव्हते आणि पहिला तास तर कंटाळाच आला. मग मागच्या रांगेतल्या एका नगरसेविका उभ्या राहिल्या आणि त्यांनी टेकडीवरच्या एका वस्तीच्या जलवाहिनीविषयी विचारले. नळाचा व्यास किती, झडप किती वाजता उघडणार, काम कोणत्या महिन्यात सुरू होणार, असे नेमके प्रश्न त्या एकामागून एक विचारत गेल्या. अधिकाऱ्यांनी उभे राहून उत्तरे दिली, आणि ज्याचे उत्तर त्या वेळी हाताशी नव्हते ते पुढच्या सभेत लेखी द्यावे असे महापौरांनी सांगितले. ज्या वस्तीचे नावही मी तोवर ऐकले नव्हते, तिच्या नळाची वेळ शहराच्या इतिवृत्तात नोंदली गेली, ही गोष्ट मला त्या इमारतीच्या कुठल्याही कमानीपेक्षा मोठी वाटली आणि आजही वाटते.

अभियंत्याला हे पटले नाही, आणि त्याचा आक्षेप वरवरचा नव्हता. ७ मार्च २०२२ रोजी सभागृहाची मुदत संपली. प्रभागांची संख्या २२७ की २३६ आणि इतर मागासवर्गीयांचे आरक्षण किती, या वादांत निवडणूक अडकली आणि मतदान झाले ते थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. तोवर सभागृहाचे अधिकारही प्रशासक म्हणून आयुक्तांच्याच हाती होते. "मधल्या काळात नळ बंद पडले का? कचरा उचलला गेला नाही का? सागरी किनारा रस्ता तर याच काळात वाहतुकीला खुला झाला. मग मास्तर, तुमच्या सभागृहावाचून नेमके काय अडले?"

वहिनींनी त्याला आठवण करून दिली की त्या रस्त्याचे काम २०१८ मध्ये सुरू झाले, तेव्हा सभागृह होते. पण खरे उत्तर वकीलसाहेबांनी दिले, आणि ते जरा तपशिलाने सांगण्याजोगे आहे, कारण हा वाद मुंबईला नवा नाही. १८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार जवळपास एका आयुक्ताच्या हाती आला. आयुक्त होते आर्थर क्रॉफर्ड. माणूस कमालीचा कर्तबगार. त्यांनी शहर झाडून काढले, मंडई बांधली, रस्ते आणि गटारे यांना हात घातला. पण खर्चावर लगाम राहिला नाही, कर वाढले आणि १८७१ मध्ये करदात्यांचा असंतोष उफाळून आला. त्या गदारोळात फिरोजशहा मेहता हे तरुण बॅरिस्टर उभे राहिले आणि त्यांनी चक्क क्रॉफर्ड यांची बाजू घेतली. काम करणारा अधिकारी एकच आणि समर्थ असावा, परंतु त्याला जाब विचारणारी सभा करदात्यांनी निवडलेली असावी, असे त्यांचे म्हणणे होते. १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची सभा आली आणि त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडले. पुढे १८८८ चा कायदा घडवण्यात मेहतांचा मोठा वाटा होता, आणि महापालिकेचा कारभार आजही त्याच कायद्यावर चालतो. मुख्यालयासमोर त्यांचा पुतळा उभा आहे, तो याचसाठी.

"तेव्हा आयुक्त कामे करतात हे तू आम्हाला सांगू नकोस," वकीलसाहेब म्हणाले. "ते मेहतांनाही मान्य होते. २०२२-२३ चा अर्थसंकल्प ४५,९४९ कोटी रुपयांचा होता आणि २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा. ही वाढ योग्य असेलही. पण ती होत असताना प्रस्ताव मांडणारे प्रशासक आणि मंजुरी देणारेही प्रशासकच. तुला ज्या ८८७ रुपयांचे कौतुक वाटते, ते दिसतात कारण मंजूर रकमेशी खर्च ताडून पाहता येतो. मंजुरी देणारा आणि खर्च करणारा एकच झाला, तर ताडून कोण पाहणार?"

मास्तरांनी इथे महात्मा फुल्यांचा दाखला दिला. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्यास येणार म्हणून नगरपालिकेने स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचे ठरवले, तेव्हा सदस्य असलेल्या जोतीरावांनी एकट्याने विरोध केला आणि ते पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावेत असे सुचवले. अभियंत्याने लगेच पकडले: फुले निवडून आलेले नव्हते, नेमलेले सदस्य होते. मुद्दा बिनतोड होता. मास्तर थोडे थांबले आणि म्हणाले, "होय, नेमलेलेच होते. पण विरोध नोंदवायला सभा होती. सभाच नसती, तर तो विरोध त्यांच्या घरातच राहिला असता." मला हे उत्तर पुरेसे वाटते, अभियंत्याला अर्धेच वाटले.

वहिनींची तक्रार मास्तरांवरही होती. जुने सभागृह फार थोर होते असे चित्र त्यांना मान्य नाही. १९४८ पर्यंत सर्व प्रौढांना मतच नव्हते, म्हणजे परळ-लालबागच्या चाळींत राहणाऱ्या गिरणी कामगारांपैकी फार थोड्यांचा आवाज तिथे पोहोचत होता. मृणाल गोरे १९६१ मध्ये गोरेगावातून निवडून आल्या आणि पाण्याचा प्रश्न त्यांनी असा लावून धरला की लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणू लागले. आता निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. आपण ज्या कट्ट्यावर बसलो आहोत त्या मैदानाला शिवाजी पार्क हे नाव १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे मिळाले, हेही त्यांनी सांगितले.

"पण २२७ जणांतले किती जण अभ्यास करून बोलतात?" असे अभियंत्याने विचारले. ते सज्जात बसल्याखेरीज कळणार कसे, हा वहिनींचा प्रतिप्रश्न. त्यावर त्याने एक अट घातली: सभेची कार्यक्रमपत्रिका आणि आयुक्तांची उत्तरे त्या फेरीत येणाऱ्यांच्या हाती सोप्या मराठीत द्यावीत, म्हणजे रिकाम्या खुर्च्यांसमोर उभे राहिलेल्या माणसालाही कळेल की तिथे गेल्या सभेत काय झाले. ही मागणी सर्वांनी उचलून धरली, आणि ती महापालिकेने मान्य करावी असे मलाही मनापासून वाटते.

मतभेद उरला तो जायचे कधी यावर. फेब्रुवारीत अर्थसंकल्प स्थायी समितीपुढे, म्हणजे पैशांचे प्रस्ताव आधी पाहणाऱ्या नगरसेवकांच्या समितीपुढे, येतो आणि मग सभागृहात त्यावर भाषणे होतात. अभियंत्याला त्या दिवसांत जायचे आहे, कारण रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचे आकडे त्याला स्वतः ऐकायचे आहेत. मास्तरांचा आग्रह साध्या मासिक सभेचा आहे, कारण गल्लीतले प्रश्न तिथेच निघतात.