दोन नाइंटी, एक मसाला पापड, एक किशोर

दर शुक्रवारी संध्याकाळी मी एका बारमध्ये कराओके, म्हणजे वाद्यांची तयार साथ लावून आणि शब्द पडद्यावर दाखवून गिऱ्हाइकांना गायला लावण्याचा कार्यक्रम, चालवतो असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फिरते रंगीत दिवे, उंच मंच आणि काळ्या कपड्यांतली तरुण मंडळी उभी राहतात. प्रत्यक्षात ठाणे जिल्ह्यातल्या एका जुन्या परमिट रूमचा पोटमाळा हे माझे कार्यक्षेत्र आहे. मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, या पोटमाळ्याला ‘एसी फॅमिली सेक्शन’ म्हणतात. त्यातला एसी खरा आहे, कारण तो कोपऱ्यातल्या टेबलावर ठिबकतो. फॅमिली मात्र आजवर कोणी पाहिलेली नाही. अठरा फूट लांब आणि बारा फूट रुंद अशा या जागेत पाच टेबले, वीस खुर्च्या, एक वॉश बेसिन, एक फिशटँक, क्रिकेटच्या सामन्यांसाठी घेतलेला एक टीव्ही आणि माझे दोन स्पीकर आहेत. छत इतके खाली आहे की तार सप्तकात जाताना हात उंचावण्याची सवय असलेल्या गायकाला आधी पंखा दाखवून ठेवावा लागतो.

मोठ्या हॉटेलातल्या कराओकेत गाणारा माणूस लांब असतो. त्याचे गाणे सोसवेनासे झाले तर श्रोता बाल्कनीत जाऊ शकतो, फोन आल्याचे निमित्त करू शकतो, निदान पाठ तरी फिरवू शकतो. लहान बारमध्ये यातले काहीच शक्य नसते. आमच्याकडे गायकाची जागा जिन्याचे तोंड आणि स्वच्छतागृहाचे दार यांच्या मधोमध असल्यामुळे पळून जाऊ पाहणाऱ्या श्रोत्याला गायकाला ओलांडूनच जावे लागते, आणि ज्याला केवळ लघुशंकेला जायचे आहे तोही ऐन अंतऱ्यात गायकाच्या पोटाला पोट घासून, ‘सॉरी, चालू दे, चालू दे’ असे माइकवर सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणत आत शिरतो. परत येताना तो ‘वा!’ म्हणतो. ही दाद गाण्याला असते की मोकळे झाल्याबद्दलची, हे ठरवण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

ध्वनीच्या दृष्टीनेही ही जागा एखाद्या वैऱ्याने आखल्यासारखी आहे. माइक स्पीकरच्या समोर आला की तो स्पीकरचाच आवाज पुन्हा ओढून घेतो आणि कानठळ्या बसवणारी शिटी वाजते, म्हणून गाणाऱ्याला स्पीकरच्या मागे उभे करायचे असते. आमच्या स्पीकरच्या मागे भिंत आहे. त्यातून आजकालच्या तरुणांना माइकची जाळी मुठीत आवळून गायची हौस असते. जाळी अशी झाकली गेली की फक्त समोरचा आवाज घेण्याचा माइकचा गुण नाहीसा होतो, तो चहूकडचे आवाज गोळा करू लागतो आणि मग गायकाच्या जोडीला फिशटँकची मोटर, खालच्या मजल्यावरची फोडणी आणि एसीची घरघर असा सगळा लवाजमा गाऊ लागतो. ‘दादा, जाळी सोडा, दांडा धरा’ हे वाक्य मी झोपेतही म्हणतो, असे घरचे सांगतात.

गाण्यांची मागणी कागदाच्या चिठ्ठीवर घ्यायची, असे सुरुवातीला ठरले होते. पण चिठ्ठ्या ग्लासांखाली भिजत असल्यामुळे अण्णांनी वेटरला ती मागणी केओटीवरच, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या कागदावरच, लिहून घ्यायला सांगितले. त्यामुळे ‘दोन नाइंटी, एक मसाला पापड, एक किशोर’ अशा ऑर्डरी स्वयंपाकघरात जाऊ लागल्या. आचाऱ्याने प्रारंभी ‘किशोर संपला’ असे कळवून पाहिले. पुढे बिले संगणकावर निघू लागली तेव्हा किशोरलाही यादीत एक क्रमांक मिळाला आणि त्याच्यापुढे शून्य रुपये छापून येऊ लागले. एका गृहस्थाने बिल तपासताना जोरदार हरकत घेतली. त्याचे म्हणणे असे, की शून्य असले तरी दोन किशोर लावले आहेत आणि आपल्या टेबलाला मिळाला एकच.

हा वाद क्षुल्लक वाटेल, पण लहान बारमधले सगळे महाभारत पाळीवरूनच घडते. हिंदी चित्रपटगीत मुखडा, दोन अंतरे आणि मधले संगीत धरून सरासरी पाच मिनिटांचे असते. आठ ते दहा या दोन तासांत चोवीस गाणी बसतात आणि खुर्च्या आहेत वीस. म्हणजे प्रत्येकाला एकदा आणि चौघांना दोनदा गाता येईल, असा हिशेब निघतो. ते चौघे कोण, हा प्रश्न कोणत्याही शाळेच्या गणितात सुटत नाही. त्यातच एखाद्या शुक्रवारी स्थानिक भाऊ चार कार्यकर्त्यांसह वर येतात. तेव्हा पाळी हा शब्दच पोटमाळ्यावरून नाहीसा होतो आणि भाऊंची तीन गाणी संपेपर्यंत कार्यकर्ते प्रत्येक ओळीनंतर टाळ्या वाजवतात, ओळ चुकली असेल तर जरा जास्तच.

गाणे म्हणजे केवळ शब्द नव्हेत; शब्दांच्या मधली रिकामी जागा हीच खरी परीक्षा असते. मुखडा संपतो आणि व्हायोलिने सुरू होतात. मूळ गाण्यात पडद्यावर त्या वेळी नायिका डोंगरावरून धावत असते, त्यामुळे कोणाला काही खटकत नाही. आमच्या गायकाला मात्र ती तीस सेकंदे वीस माणसांच्या नजरांसमोर वॉश बेसिनला टेकून काढायची असतात. काही जण ग्लास उचलतात, काही जण मित्राला हात करतात, काही जण सासरी आलेल्या जावयासारखे उगाच हसत राहतात. आणि एक सद्गृहस्थ दर वेळी ‘थँक्यू, थँक्यू’ म्हणून माइक माझ्या हाती देऊन जागेवर जातात व अंतरा सुरू झाल्यावर धावत परत येतात.

युगुलगीतांची अडचण वेगळी आहे. पोटमाळ्यावर स्त्रिया नसतात, आणि युगुलगीते गाण्याची इच्छा मात्र पुरुषांना तिसऱ्या पेगनंतर अनावर होते. अशा वेळी स्त्रीच्या ओळी कोणी गायच्या, हा प्रश्न खोलीभर फिरून अखेर माझ्यापाशी थांबतो. मी मिशा असलेला, पन्नाशीतला आणि एकेकाळी गणेशोत्सवांत वाद्यवृंदांतून ऑक्टोपॅड हे विजेवरचे तालवाद्य वाजवणारा माणूस आहे. तरीही हार्डवेअरच्या दुकानदाराने डोळ्यांत डोळे घालून प्रीतीची विचारणा केली की मला बारीक आवाजात लाजून होकार द्यावाच लागतो. शिवाय चाळिशी उलटलेले बहुतेक गायक चाळशी घरी ठेवून येतात, कारण बारमध्ये चाळशी लावणे त्यांना कमीपणाचे वाटते. टीव्हीवरची अक्षरे त्यांना दिसत नाहीत, त्यामुळे स्वतःची ओळ गाण्याआधी मला त्यांची ओळही त्यांच्या कानात सांगावी लागते. थोडक्यात, दोघांच्या प्रेमाची सगळी जबाबदारी माझ्यावर असते.

या छळाचा मूळपुरुष शोधू गेले तर आपण जपानमधल्या कोबे शहरातल्या अशाच चिमुकल्या बारांत जाऊन पोहोचतो. दाइसुके इनोउए हे तिथे गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करणारे वादक होते. एका कंपनीच्या मालकाला त्यांच्याच साथीवर गाता येत असे, म्हणून त्याने त्यांना सहलीला चलण्याचा आग्रह केला. इनोउए यांना जाणे जमेना, तेव्हा त्यांनी साथ टेपवर भरून दिली. त्यातून सुचलेली अकरा यंत्रे १९७१ मध्ये कोबेतल्या बारांना भाड्याने दिली गेली. तोक्योत शिगेइची नेगिशी यांनी १९६७ मध्येच असे एक यंत्र केले होते, तेव्हा पहिला मान कोणाचा यावर वाद घालता येईल. माझी आपुलकी इनोउए यांच्याशी आहे, कारण साथीदाराने स्वतःच्याच हाताने साथीदाराची गरज संपवल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही, आणि त्याचे फळ म्हणून माझा ऑक्टोपॅड आज माळ्यावर आहे. त्यांनी पेटंट घेतले नाही, हे ऐकून अण्णा बराच वेळ खिन्न होते. त्या यंत्रात शंभर येनचे नाणे टाकल्यावर ठरावीक वेळ गाता येत असे आणि वेळ संपली की यंत्र आपोआप थांबे. आपल्याकडे कराओके आला, पण नाण्याची फट तेवढी वाटेत कुठेतरी राहिली. इनोउए यांना २००४ मध्ये इग नोबेल, म्हणजे नोबेलच्या गमतीदार नकलेचे, शांतता पारितोषिक देण्यात आले, ते लोकांना एकमेकांना सहन करण्याचा एक नवा मार्ग दाखवल्याबद्दल. या बाबतीत निवड समितीने फिलिपिन्सचे मत घेतलेले दिसत नाही. तिथे फ्रँक सिनात्राच्या एका गाण्यावरून बारांमध्ये भांडणे होऊन खून पडले आणि काही बारमालकांनी ते गाणेच यादीतून काढून टाकले.

आमच्याकडे अद्याप रक्तपात झालेला नाही, याचे काहीसे श्रेय मी घेतो. गायकाची पट्टी आणि ट्रॅकची पट्टी यांत वैर असते. काळी एकमध्ये बोलणेही कष्टाचे जाईल असा गळा घेऊन आलेला माणूस महंमद रफींचे वरच्या पट्टीतले गाणे मागतो आणि वर ‘ओरिजिनल स्केलच ठेवा’ अशी ताकीद देतो. सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक अर्ध्या अर्ध्या सुराने खाली उतरवता येतो. ती कळ मी टेबलाखालून दाबतो, आणि गाणे निभावल्यावर तो माणूस ‘बघा, ओरिजिनलमध्ये गायलो’ असे म्हणत माझ्या पाठीवर थाप मारतो. फार खाली उतरवले तर ट्रॅकमधल्या बासरीला पडसे झाल्यासारखे वाटू लागते, तेव्हा यालाही मर्यादा आहे. उरलेले काम एकोवर, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या कळीवर, सोपवावे लागते. मुकेशचे गाणे सोपे असते, या समजाने देशभर जेवढा अनर्थ केला आहे, त्याला एकोवाचून उतारा नाही.

महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना काढावा लागतो. एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळत आला आहे. संगीत वाजवण्यासाठी मालकाला पोलिसांची परवानगी घ्यावी लागते, शिवाय गीतकार-संगीतकारांच्या हक्कांपोटी आयपीआरएस या संस्थेचे आणि ध्वनिमुद्रणाच्या हक्कांपोटी पीपीएल या संस्थेचे शुल्क असते. या संपूर्ण साखळीत ज्याच्याकडे कोणीही कसलाही कागद मागत नाही, असा एकमेव घटक म्हणजे गाणारा.

त्यावर घड्याळाचा जाच असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्र दहा वाजता सुरू होते आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा पंचेचाळीस डेसिबल आहे. समोरासमोर बसून दोघांनी नेहमीच्या आवाजात गप्पा मारल्या तरी साठाच्या आसपास आवाज होतो. बंदिस्त जागेला नियमात थोडी सवलत आहे, पण आमच्या पोटमाळ्याला एक्झॉस्ट पंख्याचे भोक आहे आणि ते नेमके शेजारच्या सोसायटीच्या सचिवांच्या शयनगृहाकडे उघडते. म्हणून दहाला माइक बंद, हा माझा नियम आहे. दुर्दैव असे, की गाण्याचे धैर्य पावणेदहाला येते. आठ वाजता मी माइक हातात घेऊन टेबलोटेबली याचना करत फिरतो आणि प्रत्येक जण ‘घसा बसलाय’ म्हणून मान फिरवतो. पावणेदहाला त्याच माइकसाठी नऊ जण जिन्याच्या तोंडाशी उभे असतात आणि त्यांतल्या दोघांनी तो एकदमच धरलेला असतो. दहाला मी तो काढून घेतो. मग सगळे मिळून माइकशिवाय गातात, आणि ते माझ्या अखत्यारीत येत नाही.

इतके सोसूनही बेसुरांविषयी माझ्या मनात आकस नाही. खरी डोकेदुखी सुरेल माणसाची असते, आणि ती आमच्याकडे ठीक आठ वाजता येते. निवृत्त बँक अधिकारी असलेले एक काका फ्रेश लाइम सोडा मागवतात, प्लास्टिकच्या पिशवीतून स्वतःचा माइक आणि पेनड्राइव्ह काढतात आणि असे काही गातात की वेटर ट्रे घेऊन जागच्या जागी थबकतो. गाणे संपल्यावर मनापासून टाळ्या पडतात. त्यानंतर पाऊण तास कोणीही नाव देत नाही आणि दोन टेबले बिल मागवतात. अण्णांनी याचे निदान फार पूर्वीच केले आहे. ‘काका गातात तेव्हा लोक ऐकतात हो,’ ते मला म्हणाले, ‘आणि ऐकणारा माणूस पीत नाही.’ याउलट हार्डवेअरवाल्याने पहिली ओळ ओढली की प्रत्येक टेबलावर ‘याच्यापेक्षा मी बरा’ हा विचार एकाच वेळी उमटतो, रिपीटच्या ऑर्डरी सुटतात आणि केओटीवर नावांची रांग लागते. त्यामुळे हार्डवेअरवाल्याचा पहिला पेग आता अण्णांच्या खात्यावर असतो, हे गुपित फक्त आम्हा दोघांना आणि आचाऱ्याला ठाऊक आहे.

काकांना शेवटी, म्हणजे दहाला पाच कमी असताना, गायला उभे करावे असे आम्ही ठरवले होते. पण काकांना साडेनऊची लोकल गाठायची असते. तेव्हा मागच्या आठवड्यात मी त्यांना अत्यंत आदराने सांगितले की तुमचा पेनड्राइव्ह आमच्या लॅपटॉपला वाचता येत नाही. काकांनी समजूतदारपणे मान हलवली, सोड्याचे पैसे दिले आणि पुढच्या शुक्रवारी आपण स्वतःचा लॅपटॉप घेऊन येऊ, शिवाय सुगम संगीताच्या क्लासमधल्या आपल्या सहा मित्रांनाही आणू, असे आश्वासन दिले. त्यांच्यापैकी कोणीच घेत नाही. अण्णा सध्या त्या दिवशी क्रिकेटचा एखादा सामना आहे का, याची चौकशी करत आहेत. भारताचाच असला पाहिजे असा त्यांचा आग्रह नाही.