शब्दांना फक्त सात टक्के? सादरीकरणाबद्दलच्या एका मेसेजचा प्रतिवाद

सेमिनार-प्रोजेक्टचे दिवस आले की विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर साधारण असा: सादरीकरणाचा प्रभाव ५५ टक्के देहबोलीवर, ३८ टक्के आवाजावर आणि फक्त ७ टक्के शब्दांवर ठरतो, हे विज्ञानाने सिद्ध झालंय, म्हणून काय बोलता यापेक्षा कसे उभे राहता ते महत्त्वाचं, मंचावर जाण्याआधी दोन मिनिटं पॉवर पोज घ्या (म्हणजे छाती काढून ऐटीत उभे राहा), आणि माणसाचं लक्ष आठ सेकंदच टिकतं, तेव्हा मुद्दे कमी ठेवा. मी इंजिनिअरिंगच्या मुलांचे प्रोजेक्ट तपासते. या मेसेजने होणारं नुकसान मला समोर दिसतं. मुलं हातवारे बसवून येतात, पण "तुझा निष्कर्ष एका वाक्यात सांग" म्हटलं की गप्प होतात. म्हणून एकेक दावा तपासून पाहू.

"विज्ञानाने सिद्ध झालंय"

हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ मधल्या दोन प्रयोगांतून आले. त्यात कोणी भाषण केलं नव्हतं, सादरीकरण तर नव्हतंच. सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ध्वनिमुद्रित करून ऐकवले होते. एका प्रयोगात तर 'मेबी' हा एकच शब्द होता आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो. ऐकणाऱ्यांना विचारलं काय, तर बोलणारी व्यक्ती समोरच्याबद्दल आपुलकीने बोलते आहे की नावडीने. दोन प्रयोगांचे निकाल एकत्र करून ७-३८-५५ हे सूत्र मांडलं गेलं.

म्हणजे ५५ टक्के देहबोलीला नाहीतच, ते फोटोतल्या चेहऱ्याला आहेत. हात, खांदे, चालणं, उभं राहणं यांतलं काहीच तिथे मोजलेलं नाही. शब्द आणि सूर यांचा मेळ बसत नसेल, तर माणूस भावनेचा अंदाज कशावरून बांधतो, एवढाच तो प्रश्न होता. भावना आणि आवडी-निवडी सोडून इतर बोलण्याला हे सूत्र लागू नाही, असं खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलेलं आहे. शब्दांना खरंच सात टक्के असते, तर रेडिओवरच्या बातम्या ऐकून कुणाला काही कळलं नसतं आणि अनोळखी भाषेतलं व्याख्यान नुसतं बघून जवळजवळ सगळं समजलं असतं.

"काय बोलता यापेक्षा कसे उभे राहता ते महत्त्वाचं"

हा दावा मला सर्वांत घातक वाटतो, आणि त्याला उत्तर म्हणून मी मुलांना दर वर्षी एक स्लाइड दाखवते.

जानेवारी २००३ मध्ये नासाचं कोलंबिया हे अवकाशयान उडालं तेव्हा इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी या धडकेचं विश्लेषण नासासमोर पॉवरपॉइंटवर मांडलं. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक दिलासा देणारं होतं: चाचण्यांची माहिती पाहता अंदाज सुरक्षिततेकडे झुकलेला आहे, असा त्याचा आशय. खाली मुद्दे, त्यांत उपमुद्दे. आणि अगदी शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरांत: चाचणीतला तुकडा ३ घनइंच, इथला १९२० घनइंच. म्हणजे ६४० पट मोठा. ज्या माहितीच्या आधारावर धीर दिला होता, ती या धडकेला लागूच पडत नव्हती, ही सर्वांत मोठी गोष्ट सर्वांत खाली गेली होती. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं. कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने अहवालात या स्लाइडवर स्वतंत्रपणे बोट ठेवलं: ती वाचून वरिष्ठ अधिकाऱ्याला प्रश्न जिवावरचा आहे हे कळलं नसतं, तर त्यात नवल नाही.

मांडणारा किती ताठ उभा होता याने तिथे काय फरक पडला असता? शीर्षकात "हा तुकडा आपण तपासलेल्या तुकड्यापेक्षा ६४० पट मोठा आहे" असं असतं, तर मात्र खोलीतल्या प्रत्येकाने मान वर केली असती.

एका विद्यार्थिनीने ठिबक सिंचनावरच्या प्रोजेक्टमध्ये मुख्य आलेखाला "परफॉर्मन्स अ‍ॅनॅलिसिस" असं शीर्षक दिलं होतं. ते खोडून तिने लिहिलं, "संध्याकाळी पाणी दिलं तर पंप कमी वेळ चालवावा लागतो." बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याच वाक्याला धरून प्रश्न विचारले, जमीन कोणती, पीक कोणतं, किती दिवस मोजलं. शीर्षकात विषय न लिहिता निष्कर्ष लिहावा, एवढं एक केलं तरी अर्धी तयारी होते.

"दोन मिनिटं पॉवर पोज घ्या"

२०१० मध्ये ४२ जणांवर केलेल्या एका प्रयोगावरून ही कल्पना निघाली: छाती काढून उभं राहिलं की शरीरातली संप्रेरकं बदलतात. २०१५ मध्ये २०० जणांवर तोच प्रयोग झाला, तेव्हा संप्रेरकांवरचा परिणाम दिसला नाही. मूळ शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनी २०१६ मध्ये जाहीर केलं की हा परिणाम खरा आहे असं आता आपल्याला वाटत नाही. ती दोन मिनिटं पहिली तीन वाक्यं मोठ्याने म्हणण्यात घालवा.

"लक्ष आठ सेकंदच टिकतं"

हा आकडा गाजला तो मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या शाखेच्या २०१५ च्या अहवालामुळे. त्यांनी तो स्वतः मोजला नव्हता, एका संकेतस्थळावरून घेतला होता. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला आजही भरते. कीर्तनाला गावंच्या गावं रात्री उशिरापर्यंत बसतात. पुढे काय येणार याची उत्सुकता असेल तर माणूस तासभर ऐकतो. नसेल तर मुद्दे तीन असोत की तेरा, फोन हातात येतोच.

मग आवाजाला काहीच किंमत नाही का? आहे, आणि मराठीत बोलताना तर विशेष आहे. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं, नकारही बहुधा तिथेच. घाबरलेल्या मुलाचा श्वास नेमका तिथे संपतो. "या पद्धतीने खर्च वाढत नाही" यातला "नाही" पुटपुटला गेला, की मागच्या रांगेला उलटंच ऐकू जातं. म्हणून सरावाला एका मित्राला शेवटच्या बाकावर बसवा आणि प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द ऐकू आला का, एवढंच त्याला विचारा.